पाषाणची प्रयोगशाळा, भोसरीचा गाळा : नवोन्मेष परिसरासाठी लघुउद्योजकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, मा. उद्योगमंत्री आणि मा. कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता मंत्री, महाराष्ट्र राज्य;
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका व पिंपरी-चिंचवड महानगरपालिका;
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ;
मा. महानगर आयुक्त, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण.

विषय : पाषाण, औंध, शिवाजीनगर, खडकी, भोसरी, चिंचवड या सलग पट्ट्याला नवोन्मेष परिसर म्हणून मान्यता मिळण्याबाबत व त्यासाठी करावयाच्या कामांबाबत.

महोदय,

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या एका सभासदाच्या भोसरीतल्या गाळ्यात एक तरुण संशोधक कापडी पिशवीतून एक यंत्र घेऊन आली. नवजात बाळाच्या शिरेत औषध अगदी मोजक्या वेगाने सोडणारा लहानसा पंप होता तो. त्यातला बोटाच्या पेराएवढा स्टीलचा एक भाग तिने तीन ठिकाणांहून करून आणला होता आणि तिन्ही वेळा दट्ट्या आत अडकत होता. आमच्या सभासदाने ड्रॉइंग पाहिले, तो भाग बोटांत फिरवला, भिंगाखाली धरला. मग म्हणाला, "मॅडम, तुमचं ड्रॉइंग बरोबर आहे. यांनी आधी बोअर पक्का केला आणि मग आडवी खाच काढली, त्यामुळे आत धातूची बर राहिलीय. आधी खाच काढायची आणि शेवटचा रीमर त्यानंतर फिरवायचा." संध्याकाळी चहाच्या वेळेपर्यंत भाग तयार होता आणि दट्ट्या सरकत होता.

ती बाई पाषाणहून आली होती. पाषाण ते भोसरी हे अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास. एवढे अंतर कापायला तिला चौदा महिने लागले, कारण असे काम कोण करतो हे तिला सांगणारे कुणी नव्हते. हा पत्ता तिला शेवटी मिळाला तो एका नातेवाइकाच्या शेजाऱ्याकडून. पुढे पंपाच्या चाचणीसाठी तिने कित्येक महिने वाट पाहिली, आणि चाचणी झाल्यावर एका रुग्णालयाच्या निविदेत तीन वर्षांच्या उलाढालीची अट आडवी आली. कंपनी जन्माला येऊन वर्षही झाले नव्हते. ती आता दुसऱ्या राज्यात काम करते. तो स्टीलचा भाग आमच्या सभासदाच्या टेबलावर अजून आहे.

आमचे सगळे म्हणणे या एका हकिगतीत आहे. आपण ते सविस्तर ऐकावे म्हणून हे पत्र.

परिसर म्हणजे नेमके काय

इनोव्हेशन डिस्ट्रिक्ट हा शब्द गेली काही वर्षे सरकारी सादरीकरणांतून सारखा ऐकू येतो. इथे डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा असे समजायचे नाही. शहराचा पायी किंवा एका बसने फिरता येईल असा तुकडा, जिथे संशोधन संस्था, मोठ्या कंपन्या, नवे उद्योग, कारखाने, घरे आणि खाण्यापिण्याच्या जागा एकमेकांत मिसळून असतात, असा त्याचा अर्थ. अमेरिकेतल्या ब्रुकिंग्ज संस्थेसाठी ब्रूस कॅट्झ आणि ज्युली वॅग्नर यांनी २०१४ मध्ये लिहिलेल्या अहवालामुळे हा शब्द जगभर गेला. आम्ही त्याला नवोन्मेष परिसर म्हणतो.

त्यामागचे कारण मात्र जुने आहे. कागदावर उतरते ते ज्ञान कुठेही पाठवता येते. रीमर केव्हा फिरवायचा हे ज्ञान माणसाच्या हातात असते आणि माणूस जवळ असला तरच ते मिळते. अॅडम जॅफी, मॅन्युएल ट्रॅख्टेनबर्ग आणि रिबेका हेंडरसन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये अमेरिकन पेटंटे तपासून दाखवले, की एखाद्या शोधाचा आधार घेणारे पुढचे शोध त्याच शहरात लागण्याचे प्रमाण योगायोगाने लागावे त्याहून बरेच जास्त असते. एन्रिको मोरेट्टी यांच्या हिशेबाप्रमाणे तिकडे उच्च तंत्रज्ञानातली एक नोकरी कालांतराने त्याच शहरात आणखी पाच नोकऱ्यांना जन्म देते. त्यांत वकील, डॉक्टर असतात, तसेच सुतार आणि न्हावीही असतात. आपल्याकडे तो आकडा जसाच्या तसा लागू होईल असा आमचा दावा नाही. पण भोसरीतल्या गाळ्यासमोर वडापावची गाडी लावणाऱ्याला ही गोष्ट कोणत्याही अर्थशास्त्राशिवाय ठाऊक आहे. गाळ्याची दुसरी शिफ्ट बंद झाली की त्याची रात्रीची विक्री बंद होते.

राज्याच्या २०२५ च्या स्टार्टअप धोरणात तीनशे एकरांवर 'महाराष्ट्र इनोव्हेशन सिटी' उभारण्याचा संकल्प आहे. त्यामागच्या हेतूबद्दल आम्हाला आदर आहे. पण रिकाम्या जमिनीवर इमारती उभ्या केल्याने परिसर तयार होतो या समजुतीशी आमचा मतभेद आहे आणि तो आम्ही स्पष्टपणे नोंदवतो. इमारत दोन वर्षांत होते. वीस मायक्रॉनची चूक बोटाला जाणवणारा फिटर व्हायला वीस वर्षे लागतात. तो जिथे आहे तिथे परिसर न्यावा लागतो.

बाहेर काय घडले

आम्हाला सर्वांत जवळचे वाटते ते नेदरलँड्समधले आइंडहोवन. ते फिलिप्सचे गाव. १८९१ मध्ये ही कंपनी तिथे सुरू झाली आणि शंभर वर्षे शहराचे पोट तिच्यावर चालले. १९९० च्या सुमारास फिलिप्सने मोठी नोकरकपात सुरू केली आणि १९९३ मध्ये ट्रक बनवणारी डाफ ही तिथली दुसरी मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली. मोठ्या कंपनीच्या शिट्टीवर ज्यांचे घड्याळ चालते अशा पुरवठादारांना त्या वर्षी काय वाटले असेल हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. २००७ मध्ये बजाजचे आकुर्डीतले दुचाकींचे उत्पादन थांबले, तेव्हा आमच्यातल्या अनेकांनी ते अनुभवले आहे.

आइंडहोवनमध्ये मग शहराचे महापौर, व्यापारी मंडळ आणि तंत्र विद्यापीठ एका टेबलाशी बसले. आसपासच्या लहान नगरपालिकांनीही आपापला वाटा दिला. फिलिप्सने १९९८ पासून आपले विखुरलेले संशोधन एका आवारात आणले आणि २००३ मध्ये त्या आवाराचे फाटक इतर कंपन्यांसाठी उघडले. कंपनीच्या स्वच्छ खोल्या आणि मोजमापाची यंत्रे बाहेरच्यांनाही भाड्याने मिळू लागली. फिलिप्समधूनच १९८४ मध्ये निघालेली, शेजारच्या फेल्डहोवनमधली एएसएमएल ही कंपनी आज जगातल्या चिप-कारखान्यांना लागणारी सर्वांत गुंतागुंतीची यंत्रे बनवते, आणि त्या यंत्राच्या मोलाचा मोठा हिस्सा ती पुरवठादारांकडून घेते. त्यांतले कित्येक पूर्वी फिलिप्ससाठी पत्रा कापणारे आणि धातू घासणारे होते. फिलिप्सचा यंत्रनिर्मितीचा कारखानाही पुढे व्हीडीएल या एका कौटुंबिक धातुकाम-समूहाने विकत घेतला. त्या शहराने आपले कारागीर सांभाळले, म्हणून पुढची कंपनी उभी राहिली तेव्हा तिला ते हाताशी मिळाले.

बार्सिलोनाचे उदाहरण जमिनीसाठी पाहावे. पोब्लेनोऊ हा तिथला जुना गिरणगाव. २००० मध्ये महापालिकेने तिथल्या सुमारे दोनशे हेक्टर औद्योगिक जमिनीचे नियम बदलले आणि त्या योजनेला २२@ असे नाव दिले. मालकाला जास्त चटईक्षेत्र मिळाले, पण बदल्यात मोठ्या प्रकल्पांत जमिनीचा तीस टक्क्यांपर्यंत भाग शहराला द्यायचा होता. त्यातला एक हिस्सा मोकळ्या जागांसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक संशोधन-शिक्षणाच्या सोयींसाठी. चटईक्षेत्र या शब्दाभोवती पुण्यात काय काय चालते हे आपण आमच्यापेक्षा जास्त जाणता. तिथे त्याची किंमत शहराने वसूल केली. तरीही कान रिकार्त या जुन्या कारखान्यातल्या लहान कार्यशाळा आणि कलावंत हटवले जाऊ लागले तेव्हा मोठे आंदोलन झाले आणि त्या वास्तूला संरक्षण द्यावे लागले. म्हणजे नियम चांगला असला तरी लहान माणसाची जागा लिहून ठेवावी लागते, एरवी ती जाते. बॉस्टनच्या बंदरावर २०१० मध्ये जाहीर झालेल्या इनोव्हेशन डिस्ट्रिक्टची पुढे काचेच्या महागड्या इमारतींची वस्ती झाली, हेही लक्षात असू द्यावे.

त्याच बॉस्टनच्या नदीपलीकडे केंब्रिजमध्ये केंडल स्क्वेअर आहे. जैवतंत्रज्ञानाची राजधानी म्हणून त्याचे नाव घेतले जाते आणि श्रेय शेजारच्या एमआयटीला दिले जाते. पण १९७७ ची एक गोष्ट क्वचित सांगितली जाते. जनुकांवरच्या प्रयोगांबद्दल लोकांत भीती होती. नगरपरिषदेने सामान्य नागरिकांची समिती नेमली, तिचे ऐकले आणि अशा प्रयोगांसाठी शहराचा स्पष्ट कायदा केला. नियम कडक होते, पण लिहिलेले होते. काय करायचे आणि कुणाला विचारायचे हे कळल्यामुळे कंपन्या तिथे यायला धजावल्या. आम्हालाही सवलतीपेक्षा स्पष्ट लिहिलेला नियम आणि उत्तर देणारा एक माणूस जास्त मोलाचा वाटतो.

आपल्याकडे काय आहे

पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून आहे. तिच्या आवारातले व्हेंचर सेंटर २००७ पासून विज्ञानावर आधारलेल्या नव्या कंपन्यांना हात देत आहे. शेजारी विज्ञान शिक्षण व संशोधनाची आयसर २००६ पासून. विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्राची आयुका आहे, प्रगत संगणनाची सीडॅक आता पाषाणला. विषाणू संस्था शहराच्या मध्यात. मोटारींची चाचणी करणारी एआरएआय १९६६ पासून कोथरूडच्या टेकडीवर. शिवाजीनगरचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ चे, आता ते विद्यापीठ झाले. नदीपलीकडे पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच दशकात टेल्को आणि बजाज आल्या. टेल्कोच्या प्रशिक्षण विभागात जे फाइल धरायला शिकले, त्यांतले कितीतरी जण पुढे भोसरीत स्वतःचा गाळा घेऊन बसले. आमच्या संघटनेचे पहिले सभासद तेच.

या शहराला जमते हे दोनदा सिद्ध झाले आहे. अमेरिकेने महासंगणक नाकारल्यावर १९८८ मध्ये सीडॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. सरकारने काम नेमून दिले, पैसे दिले, मुदत दिली आणि विजय भटकरांच्या चमूने ते केले. दुसरी वेळ २०२० ची. विषाणू संस्था इथे, लस बनवणारी सीरम इथे, आणि देशात पहिल्यांदा मान्यता मिळालेला देशी बनावटीचा कोविड चाचणीसंच मायलॅब या पुण्याच्याच कंपनीचा. सौरपट्ट्या साफ करणारे यंत्रमानव बनवणाऱ्या नोका रोबोटिक्सच्या तरुण अभियंत्यांनी आयआयटी कानपूरच्या पाठबळावर पुण्यात बसून व्हेंटिलेटर उभा केला. त्या वसंतात आमच्या काही सभासदांनी टाळेबंदीचे पास काढून रात्री यंत्रे चालवली. तेव्हा कुणीही उलाढालीचा दाखला मागितला नाही, फोन लावला की माणूस बोलत होता.

साथीतले ते दिवस कुणालाच परत नको आहेत, पण तेव्हा उघडलेली दारे हवी आहेत. त्यासाठी आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे.

मागण्या

पहिली मागणी मान्यतेची आणि जबाबदार कार्यालयाची. वर सांगितलेला पट्टा नवोन्मेष परिसर म्हणून अधिसूचित करावा. त्यासाठी नवी जमीन संपादन करू नये. दोन महापालिका, प्राधिकरण, औद्योगिक महामंडळ आणि केंद्राच्या प्रयोगशाळा यांच्या हद्दी इथे एकमेकींना लागून आहेत आणि काम नेमके हद्दीवर अडते. म्हणून या सर्वांचे मिळून एक लहान कार्यालय हवे. दहा-बारा माणसे पुरेत. त्यातले निम्मे तरी असे असावेत ज्यांनी कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम केले आहे. पंप घेऊन आलेल्या त्या बाईला पहिल्याच आठवड्यात भोसरीतले तीन पत्ते देणे आणि तिच्यासोबत एकदा जाऊन येणे, हे या माणसांचे काम. नियामक मंडळावर लघुउद्योगांच्या आणि कामगारांच्या प्रतिनिधींना मतासह जागा असावी. निमंत्रित म्हणून मागच्या खुर्चीवर बसायला आम्ही येणार नाही.

दुसरी मागणी यंत्रांच्या वेळेची. सार्वजनिक पैशाने घेतलेली कोट्यवधींची उपकरणे या शहरात आहेत. केंद्राने २०२० मध्ये आय-स्टेम नावाची सूची सुरू केली, त्यात कोणते उपकरण कुठे आहे ते दिसते. पण यादी आणि वापर यांच्यामध्ये एक माणूस लागतो. कोणती चाचणी लागेल, नमुना कसा तयार करायचा, निकालाचा अर्थ काय, हे सांगणारा. राज्याने आपल्या संस्थांमधील उपकरणांसाठी सायंकाळी पाच ते रात्री दहा अशी दुसरी पाळी सुरू करावी, तिच्या तंत्रज्ञांचा पगार द्यावा आणि केंद्रीय प्रयोगशाळांशी तसाच करार करावा. लहान उद्योगासाठी दर वेगळा आणि जाहीर असावा, आणि अर्ज केल्यापासून किती दिवसांत वेळ मिळेल तेही जाहीर असावे. हे अशक्य नाही. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये केंद्र, महापालिका आणि उद्योग यांच्या सहभागातून सामाईक चाचणीची आणि नमुने बनवण्याची सोय उभी राहिली आहे आणि आमचे सभासद ती वापरतात. तशीच सोय वैद्यकीय उपकरणांसाठी आणि बॅटरी व विद्युत सुट्या भागांसाठी हवी.

तिसरी मागणी आमच्या जगण्यामरण्याची आहे, म्हणून तिच्यावर थोडे जास्त बोलतो. कारखान्याच्या जागेला आज सर्वांत मोठा धोका मंदीचा नाही, जमिनीच्या भावाचा आहे. ज्याच्याकडे भोसरी-चिंचवडमध्ये प्लॉट आहे त्याला यंत्र चालवून मिळते त्यापेक्षा कितीतरी जास्त जागा विकून मिळते. त्याला आम्ही दोष देत नाही. मुलगा अमेरिकेत आहे, गुडघे दुखतात, नव्वद दिवसांनी येणाऱ्या पेमेंटचा कंटाळा आला आहे. पण त्याचा गाळा गेला की त्याच्याकडचे चार टर्नर जातात, त्यांच्याबरोबर शेजारच्या हीट ट्रीटमेंटवाल्याचे काम जाते, आणि एक दिवस पाषाणहून पिशवी घेऊन आलेल्या माणसाला सांगायला कुणी उरत नाही.

यासाठी तीन गोष्टी कराव्यात. पहिले, परिसरातल्या औद्योगिक भूखंडांचा वापर-बदल पुढची पंधरा वर्षे थांबवावा, आणि जिथे वाढीव चटईक्षेत्र द्यायचेच असेल तिथे बार्सिलोनासारखी अट घालावी. वाढीव बांधकामाचा ठरावीक हिस्सा पाचशे ते दोन हजार चौरस फुटांच्या गाळ्यांच्या रूपात सरकारकडे यावा आणि तो लहान उत्पादकांना व नव्या कंपन्यांना नियंत्रित भाड्याने मिळावा. तळमजल्याच्या गाळ्याला जड यंत्राचे वजन पेलणारी फरशी आणि ट्रकला वळायला जागा हवी, हे नियमातच लिहावे. काचेच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर पॉवर प्रेस बसत नाही. दुसरे, आमच्यापैकी अनेकांच्या शेडमध्ये माळा किंवा एक कोपरा मोकळा असतो. तिथे दोन-तीन मुलांची नवी कंपनी बसू शकते, यंत्र आमचे, डोके त्यांचे. पण भूखंडाचा भाग दुसऱ्याला द्यायचा तर परवानगी आणि पोटभाडे शुल्क लागते. नोंदणीकृत स्टार्टअपला एक हजार चौरस फुटांपर्यंतची जागा पाच वर्षांपर्यंत दिली, तर हे शुल्क माफ करावे आणि परवानगीऐवजी नुसती सूचना पुरेशी मानावी. तिसरे, निवृत्त होणाऱ्या गाळामालकाने आपला चालू उद्योग यंत्रांसह कामगारांच्या गटाला किंवा तरुण अभियंत्याला विकला, तर हस्तांतरण शुल्कात मोठी सूट द्यावी. चालू गाळा पुढच्या पिढीच्या हाती देणे ही आमच्या मते या संपूर्ण योजनेतली सर्वांत स्वस्त गुंतवणूक आहे.

चौथी मागणी पहिल्या गिऱ्हाइकाची. अनुदान मिळाले की नवी कंपनी वर्षभर जगते, ऑर्डर मिळाली की ती उभी राहते. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत स्टार्टअपला पूर्वानुभव आणि उलाढालीच्या अटींतून सूट देण्याची तरतूद आहे. राज्याच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या कंपन्यांना कार्यादेश देण्याची पद्धत पडली, ती उत्तमच आहे. अडचण त्यानंतर येते. प्रायोगिक काम यशस्वी झाल्यावरही मोठ्या खरेदीसाठी पुन्हा सर्वसाधारण निविदा निघते आणि तीत जुन्याच अटी असतात. आम्ही मागतो की दोन्ही महापालिका, त्यांची रुग्णालये, पाणीपुरवठा आणि बससेवा यांनी आपल्या वार्षिक यंत्रसामग्री-खरेदीतले किमान दोन टक्के या परिसरात घडवलेल्या नव्या उत्पादनांसाठी राखावेत, यशस्वी प्रयोगानंतर थेट पुढची ऑर्डर देण्याचा नियम करावा आणि पेमेंट पंचेचाळीस दिवसांत द्यावे. ही मुदत २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात लिहिलेलीच आहे. आपल्या शहराच्या जलवाहिनीतली गळती शोधणारे उपकरण याच शहरात तयार झाले, तर ते जगात कुठेही विकता येईल. पण विकत घेणारा विचारतो, तुमच्या गावात कुठे बसवले आहे?

पाचवी गोष्ट प्रवासाची. मेट्रोच्या पिंपरी ते स्वारगेट मार्गावर भोसरी नावाचे स्थानक आहे, पण ते नाशिक फाट्याला. तिथून औद्योगिक वसाहतीतले गाळे काही किलोमीटर आत. रिक्षा मिळाली तर ठीक, नाही तर महामार्गाच्या कडेने चालत. हिंजवडी ते शिवाजीनगर ही तेवीस किलोमीटरची मार्गिका बाणेर आणि विद्यापीठावरून जाते आणि शिवाजीनगरला पहिल्या मार्गाला भेटते, अभियांत्रिकी महाविद्यालयापासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे रुळांनी हा परिसर जवळपास जोडला जातो, शेवटचे दोन-तीन किलोमीटर तेवढे राहतात. नाशिक फाटा स्थानक ते भोसरी औद्योगिक वसाहत आणि पाषाण ते विद्यापीठ स्थानक अशा दर दहा मिनिटांच्या लहान बस सकाळी सहा ते रात्री अकरा सुरू कराव्यात. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये कॉर्टेक्स हा परिसर २००२ मध्ये सुरू झाला आणि २०१८ मध्ये त्याच्यासाठी लोकलरेल्वेचे खास स्थानक बांधले गेले. आपल्याला स्थानक बांधायचे नाही, बस सोडायची आहे. वसाहतीच्या रस्त्यांवर दिवे आणि दुसऱ्या पाळीतल्या मुलींसाठी वसतिगृह हेही यातच येते. सीएनसीवर आज कितीतरी मुली काम करतात. त्यांतल्या अनेक जणी रात्रीच्या प्रवासापायी पाळी नाकारतात आणि बढती गमावतात.

सहावी मागणी शिकाऊ कामगारांची. औंधच्या आयटीआयमधला मुलगा आणि आयसरमधली मुलगी एकमेकांना कधी भेटत नाहीत. दोघांनी मिळून सहा महिने एक वस्तू घडवावी, दोघांना विद्यावेतन मिळावे आणि दोघांचे नाव अहवालावर यावे, असा संयुक्त अभ्यासक्रम सुरू करावा. त्यासाठी गाळे आम्ही देतो. पन्नाशीतल्या फिटरला आयटीआयत शिकवायचे असेल तर पदवीची अट आड येऊ देऊ नये.

आणि एक गोष्ट आमच्याच बाजूची. आमच्यातल्या काही धातू-मुलाम्याच्या कारखान्यांचे सांडपाणी पुरेशी प्रक्रिया न होता नाल्यात जाते आणि तिथून नदीला मिळते. इंद्रायणी आणि पवना या नद्यांची अवस्था वारकऱ्यांनी आणि शहराने पाहिली आहे. संघटना म्हणून आम्हाला याची लाज वाटते. एकेका गाळ्याला स्वतःचे प्रक्रिया केंद्र परवडत नाही, म्हणून सामाईक केंद्र तातडीने उभारावे. खर्चातला आमचा वाटा आम्ही देऊ, आणि केंद्र चालू झाल्यावर जो सभासद त्याला जोडून घेणार नाही त्याचे सभासदत्व रद्द करू. तसा ठराव आम्ही केलेला आहे.

शेवटची मागणी हिशेबाची. या परिसराचे यश किती सामंजस्य करार झाले आणि किती चौरस फूट बांधले यांवर मोजू नये. दरवर्षी एप्रिलमध्ये एक अहवाल मराठीत प्रसिद्ध व्हावा. वर्षभरात किती नमुने बाजारात विकली जाणारी वस्तू झाले, त्यांतले किती भाग परिसरातल्या गाळ्यांत बनले, चाचणीसाठी सरासरी किती दिवस लागले, किती शिकाऊ मुलामुलींना कायम नोकरी लागली, किती कारखाने बंद झाले आणि त्यांच्या जागी काय आले, हे त्यात असावे. आकडे वाईट असले तरी छापावेत.

आमच्याकडून काय

मागणीपत्रात देण्याचे कलम सहसा नसते. आम्ही ते घालतो. आमच्या सभासदांपैकी ज्यांनी आतापर्यंत लेखी होकार दिला आहे, ते आपल्या गाळ्यातले एक यंत्र आठवड्यातून एक दुपार नव्या उत्पादनांच्या नमुन्यांसाठी मोकळे ठेवतील. माल आणि हत्यारांचा खर्च घेतला जाईल, यंत्राच्या वेळेचे पैसे घेतले जाणार नाहीत. कोण लेथवर काय करतो, कुणाकडे वायर-कट आहे, कोण टायटॅनियम हाताळतो, कोण एकच नग करून द्यायला तयार असतो, याची सूची आम्ही फोन नंबरांसह तयार करत आहोत. ती प्रस्तावित कार्यालयाला विनामूल्य देऊ. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संघटनेच्या सभागृहात प्रयोगशाळेतल्या मंडळींनी आपले अडलेले भाग घेऊन यावे, आम्ही भिंग आणि चहा घेऊन बसलेलो असू. त्यासाठी आम्ही आपल्या उत्तराची वाट पाहणार नाही. येत्या महिन्यापासून सुरुवात करतो.

आपणाकडून आम्हाला एक बैठक हवी आहे, दोन्ही आयुक्त, महामंडळ, प्राधिकरण आणि प्रयोगशाळांचे प्रतिनिधी एकाच वेळी उपस्थित असलेली. ती मंत्रालयात घेण्याऐवजी भोसरीत, चालू गाळ्यात घ्यावी अशी विनंती आहे. बसायला खुर्च्या आम्ही आणू. मुद्दे पटवून द्यायला तो स्टीलचा भाग टेबलावर ठेवू. ही बैठक या पत्राच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत व्हावी.

कळावे.

आपले,
भोसरी, चिंचवड व पिंपरी परिसरातील लघुउद्योजक संघटनेची कार्यकारिणी व सर्व सभासद